उशाशी बसणारा माणूस

१९४३ साली उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावरून मागे आणलेल्या अमेरिकन सैनिकांत असे कित्येक होते की, ज्यांच्या अंगावर ओरखडाही उठलेला नव्हता, आणि तरीही ज्यांची वाचा बसली होती, पाय लटपटत होते आणि मोठा आवाज कानी पडताच ज्यांचे सर्वांग थरथरू लागे. शिकागोचे मनोविकारतज्ज्ञ रॉय ग्रिंकर आणि त्यांचे सहकारी जॉन स्पीगेल या दोघा लष्करी वैद्यांनी अशा रुग्णांसाठी एक धाडसी उपाय योजला. पेंटोथाल या भुलीच्या औषधाची बेताची मात्रा शिरेतून द्यावयाची, शुद्ध पुरती हरपण्याच्या अलीकडेच हात आवरावयाचा, आणि त्या धूसर अवस्थेत उशाशी बसून रुग्णाला पुन्हा रणभूमीवर न्यावयाचे. तोफा धडाडत आहेत, सोबती शेजारीच आहे, आता काय दिसते ते सांग, असे वैद्याने म्हणावे, आणि रुग्णाने ओरडत, रडत, कधी खाटेवरून उठू पाहत, आत गोठून राहिलेली ती घटका पुन्हा एकवार जगून मोकळे व्हावे. पुढे अमेरिकन लष्कराने जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाकडून लाँग आयलंडवरील मेसन जनरल रुग्णालयातील अशा उपचारांचा एक चित्रपट १९४६ मध्ये करवून घेतला. परंतु शूर सैनिक रडताना दिसणे सरकारास रुचेना, आणि तो जवळजवळ पस्तीस वर्षे दप्तरात बंद राहिला.

या गोष्टीला ऐंशी वर्षे लोटल्यावर त्याच देशात असे घडू लागले की, युद्धाने, बलात्काराने वा अपघाताने मन विदीर्ण झालेला माणूस आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर, डोळ्यांवर पट्टी बांधून, टपालाने आलेली भुलीच्या औषधाची गोळी तोंडात धरून पडून राहतो, आणि ज्या वैद्याने ती लिहून दिली तो शेकडो मैलांवर असतो. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात औषध बदलले हे खरे. परंतु त्याहून मोठा बदल असा की उशाशी बसणारा माणूस उठून गेला. त्याला निरोप कोणी दिला, विज्ञानाने की सरकारी दप्तराने, हे समजून घ्यावयाचे तर केटामाइन या औषधाचे चरित्र आरंभापासून पाहिले पाहिजे.

ते चरित्र डेट्रॉइट शहरात सुरू होते. तेथील पार्क-डेव्हिस या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत १९५६ साली फेन्सायक्लिडीन नावाचे एक रसायन सिद्ध झाले. त्याचा गुण अपूर्व होता. त्याच्या अमलाखाली रुग्णाला वेदना जाणवत नसे, आणि तरीही इतर भुलींप्रमाणे त्याचा श्वास मंदावत नसे की रक्तदाब खाली येत नसे. मात्र शुद्धीवर येताना कित्येक रुग्ण तासन्‌तास भ्रमिष्टासारखे वागत, काही तर आवरेनासे होत. आणि म्हणून १९६५ मध्ये माणसांवरील त्याचा वापर थांबवावा लागला. गुण ठेवून दोष घालवावा, निदान त्याची मुदत तरी कमी करावी, या हेतूने त्याच कुळातील इतर रसायनांचा शोध चालू होता. वेन स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि कंपनीचे सल्लागार कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये जी संयुगे तयार केली, त्यांतील एकाला कंपनीच्या नोंदवहीत सीआय-५८१ हा क्रमांक मिळाला. तेच केटामाइन.

माणसांवरील पहिली परीक्षा ३ ऑगस्ट १९६४ रोजी मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील तुरुंगात सुरू झाली. औषधशास्त्रज्ञ एडवर्ड डॉमिनो आणि भूलतज्ज्ञ गुंटर कोर्सेन यांनी वीस बंदिवानांना हे औषध टोचून पाहिले. बंदिवानांनी संमती दिली होती असे कागदोपत्री होते. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्याच्या संमतीचे मोल किती, हा प्रश्न त्या काळी अमेरिकेतील औषध कंपन्यांना फारसा छळत नसे, आणि तुरुंग हे त्यांचे नित्याचे प्रयोगस्थान झाले होते. निष्कर्ष उत्साहवर्धक निघाले. भूल लवकर चढे आणि लवकर उतरे. परंतु उतरताना बंदिवान विलक्षण काही सांगत: आपण अंतराळात तरंगत होतो, हातपाय आपले राहिलेच नव्हते, देह कोठे आणि आपण कोठे. असे वर्णन वाचून औषधाला वेडाची नक्कल करणारे म्हणावे, तर कंपनीला ते परवडणारे नव्हते. रुग्ण भोवतालापासून तुटल्यासारखे दिसतात असे डॉमिनो यांनी घरी पत्नीला सांगितले तेव्हा तिने ‘डिसोसिएटिव्ह’ हे विशेषण सुचविले, आणि ते भूलशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले. देहातील वेदनेचा लोप आणि मनातील भास हे दोन्ही एकाच औषधाचे परिणाम होते. कंपनीला पहिला विकावयाचा होता आणि दुसरा झाकावयाचा होता.

१९७० मध्ये केटालार या नावाने औषधाला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली, आणि व्हिएतनामच्या युद्धात त्याचा गुण सिद्ध झाला. जेथे श्वासयंत्र नाही, प्राणवायूचे नळकांडे नाही, आणि जखमीचे रक्त इतके वाहून गेले आहे की दुसरी कोणतीही भूल त्याला सोसवणार नाही, तेथे हे औषध स्नायूत टोचले तरी काम भागे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला तो याच गुणामुळे. आणि आपल्याकडील तालुक्याच्या रुग्णालयांतूनही, जेथे वीज जाणे ही बातमी नसते, तेथे या भुलीने कित्येक शस्त्रक्रिया पार पाडल्या आहेत. वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रुग्णाचा श्वास स्वतःचा स्वतः चालू राहतो, या एका गुणामुळेच हे औषध शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर जाऊ शकले. रणांगणावर त्याने तंत्राची गरज कमी केली. माणसाची गरजही त्याने कमी केली, असा समज पुढे झाला.

ज्या युद्धाने औषधाची कीर्ती वाढविली, त्याच युद्धाने रोगालाही नाव दिले. व्हिएतनामहून परतलेले तरुण न्यूयॉर्कसारख्या शहरांतून गट करून बसत आणि एकमेकांना आपली दुःस्वप्ने सांगत. चैम शाटन आणि रॉबर्ट जे लिफ्टन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसू लागले, आणि १९७२ मध्ये शाटन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या दुःखाचे वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात याच व्यथेला तोफगोळ्याचा धक्का म्हणत, दुसऱ्यात युद्धजन्य मनोविकार. परंतु कोणत्याही नावामागे ती व्यथा दुर्बळ प्रकृतीचे लक्षण असल्याचा संशय लपलेला असे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकाराचा समावेश केला, तेव्हा प्रथमच असे अधिकृतपणे मान्य झाले की दोष माणसात नसून त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात आहे. मान्यतेबरोबर पेन्शन आली, दाखले आले, खाती आली. औषध मात्र आले नाही. सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन ही औदासीन्यावरील दोन औषधे या विकारासाठी मान्य झाली ती थेट १९९९ आणि २००१ साली, आणि त्यांनी ज्यांना गुण येत नाही अशांची संख्या लहान नव्हती.

या मधल्या वर्षांत केटामाइनने दोन निराळ्या वाटा धरल्या. इराणमधील वैद्यांनी १९७३ मध्ये शंभर मनोरुग्णांवरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लेनिनग्राडमध्ये येवगेनी क्रुपित्स्की यांनी १९८०च्या दशकात मद्यासक्तांच्या मानसोपचारात त्याचा वापर आरंभिला. या दोन्ही ठिकाणी औषध हे संभाषणाचे साधन होते, आणि वैद्य जवळ होता. दुसरी वाट हौसेची होती. डॉल्फिनांच्या मेंदूचे अभ्यासक जॉन लिली यांनी स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि अनेकदा मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आले. पुढे नृत्यगृहांतून औषधाची चोरटी विक्री इतकी वाढली की १९९९ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला नियंत्रित द्रव्यांच्या तिसऱ्या वर्गात घातले. टोरांटो आणि हाँगकाँग येथील वैद्यांनी २००७ च्या सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीस आणली: वारंवार सेवनाने मूत्राशयाचे अस्तर झडते, आणि तरुण माणसांना दर घटकेला वेदनेने उठावे लागते. घरगुती उपचारांच्या आजच्या जाहिरातींत या मूत्राशयाचा उल्लेख असलाच तर तो फार बारीक अक्षरांत असतो.

शतकाच्या अखेरीस येल विद्यापीठात जे घडले ते काहीसे योगायोगाचे होते. जॉन क्रिस्टल आणि त्यांचे सहकारी हे औषध निरोगी माणसांना देऊन स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे कशी उद्भवतात ते पाहत होते. मेंदूतील ग्लुटामेट नावाच्या संदेशवाहक द्रव्याचे एक द्वार हे औषध अडविते, एवढे त्यांना माहीत होते. हेच औषध खिन्न माणसाला दिले तर काय होईल, या कुतूहलातून रॉबर्ट बर्मन, डेनिस चार्नी आणि क्रिस्टल यांनी मोजक्या रुग्णांवर प्रयोग केला, आणि २००० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. प्रयोग पुरा करणारे रुग्ण अवघे सात होते. दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत, थेंब थेंब शिरेतून. आणि जी खिन्नता एरवीच्या गोळ्यांनी उतरावयास कित्येक आठवडे लागत, ती काही तासांत हलकी झालेली दिसली. इतक्या लहान वृत्तांताकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. परंतु २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कार्लोस झराटे यांनी, अनेक औषधे हरलेल्या अठरा रुग्णांवर तोच प्रयोग केला आणि त्यांपैकी ७१ टक्के रुग्णांना चोवीस तासांत लक्षणीय आराम पडल्याचे दाखविले, तेव्हा मनोविकारशास्त्रात खळबळ उडाली. आठवड्यानंतर मात्र तो आराम ३५ टक्क्यांतच टिकून होता, ही त्याच वृत्तांतातील दुसरी ओळ. तिच्याकडे उत्साहाच्या भरात थोडे दुर्लक्ष झाले. पुढे येलमध्येच उंदरांच्या मेंदूत या औषधाने मज्जातंतूंना नवे अंकुर फुटतात असे २०१० मध्ये दिसून आले, आणि आशेला सिद्धांताचा आधार मिळाला.

आघातोत्तर विकाराशी त्याचा संबंध जोडला गेला तो भाजलेल्या सैनिकांमुळे. इराक व अफगाणिस्तानात होरपळलेल्या सैनिकांवर टेक्सासमधील ब्रुक लष्करी वैद्यकीय केंद्रात शस्त्रक्रिया होत. त्यांपैकी ज्यांना केटामाइन दिले गेले होते त्यांच्यापैकी २७ टक्क्यांत हा विकार आढळला, आणि ज्यांना दिले गेले नव्हते त्यांच्यात ४६ टक्क्यांत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, जर्मनीतील अपघातग्रस्तांच्या पाहणीत नेमके उलटे दिसले होते. तेथे हे औषध मिळालेल्यांनाच नंतर भासांचा आणि भीतीचा त्रास अधिक होता. ज्या औषधाने माणूस स्वतःपासूनच तुटतो, ते आघाताच्या घटकेला द्यावे की वर्षानंतर, शांत खोलीत द्यावे की कोलाहलात, यावर परिणाम अवलंबून असावा, हे अनुमान तेव्हाच काढता येण्यासारखे होते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात अ‍ॅड्रियाना फेडर आणि चार्नी यांनी जुनाट विकार असलेल्या ४१ रुग्णांवर नियंत्रित प्रयोग केला. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, गुंगी आणणाऱ्या मिडॅझोलाम या औषधाच्या तुलनेत केटामाइनच्या एकाच खेपेने चोवीस तासांनंतर लक्षणे अधिक उतरतात. २०२१ मध्ये तीस रुग्णांना दोन आठवड्यांत सहा खेपा देण्यात आल्या. केटामाइन मिळालेल्यांपैकी ६७ टक्क्यांना, आणि दुसऱ्या गटात २० टक्क्यांना गुण आला. गुण टिकला तो साधारणतः महिनाभर. मग २०२२ मध्ये सर्वांत मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. १५८ आजी-माजी सैनिकांना चार आठवड्यांत आठ खेपा. त्यांतील काहींना नेहमीची मात्रा, काहींना अल्प मात्रा, काहींना केवळ क्षारजल. नेहमीच्या मात्रेने खिन्नता कमी झाली; आघाताच्या लक्षणांत मात्र औषध आणि क्षारजल यांत अखेरीस म्हणण्यासारखे अंतर राहिले नाही. म्हणजे ज्यांच्या नावाने ही आशा जागविली गेली त्या सैनिकांच्याच बाबतीत पुरावा डळमळीत ठरला. विज्ञानात असे वारंवार होते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रयोग लांबवावेत, निरनिराळे रुग्ण निवडावेत, हाच त्यावर मार्ग. परंतु तोपर्यंत उपचार प्रयोगशाळेच्या हाताबाहेर गेला होता.

तो कसा गेला, याचे एक कारण असे की केटामाइनला धनी उरला नव्हता. त्याची सनद केव्हाच संपली होती. कोणीही ते बनवावे, कोणीही स्वस्तात विकावे. अशा औषधाचा नवा उपयोग सिद्ध करण्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्चून सरकारपुढे अर्ज करणारी कंपनी मिळणार कोठून? आणि जे औषध एका कामासाठी मान्य आहे ते दुसऱ्या कामासाठी लिहून देण्यास अमेरिकन वैद्याला पूर्वीपासूनच मुभा असल्यामुळे, शहरोशहरी केटामाइनची खासगी चिकित्सालये निघाली. शिरेतील एका खेपेला साधारण चारशे ते आठशे डॉलर पडत, आणि विमा कंपन्या बहुधा हात वर करीत. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका समितीने २०१७ मध्ये, रुग्णाजवळ श्वास आणि रक्तदाब सांभाळू शकणारा माणूस हवा, आणि घरी नेऊन हे औषध घेण्याच्या प्रथेला तूर्त उत्तेजन देऊ नये, असा सल्ला दिला. सल्ल्याला कायद्याचे बळ नव्हते.

दरम्यान जॅन्सन कंपनीने केटामाइनच्या दोन आरशातल्या रूपांपैकी एक, एस्केटामाइन, वेगळे काढून त्याचा नाकातला फवारा केला, त्याची सनद मिळविली, प्रयोग केले, आणि ५ मार्च २०१९ रोजी हटवादी औदासीन्यासाठी त्याला मान्यता मिळाली. या मान्यतेबरोबर सरकारने कडक अटी घातल्या. फवारा नोंदणीकृत चिकित्सालयातच घ्यावयाचा, निदान दोन तास देखरेखीखाली बसावयाचे, घरी एक थेंबही न्यावयाचा नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मोटार चालवावयाची नाही. म्हणजे जे औषध परीक्षेला बसून उत्तीर्ण झाले, त्याच्या पायात बेडी पडली. आणि जे त्या कामासाठी परीक्षेला बसलेच नाही, ते जुने, बेवारशी केटामाइन, मोकळे राहिले. कारण अट घालावयाची तर अर्ज आलेला असावा लागतो. या सबंध इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट मला हीच वाटते.

एक कुंपण तरीही शिल्लक होते. २००१ साली रायन हेट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा संगणकावरून मागविलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मरण पावला होता, आणि त्याच्या नावाने २००८ मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे, नियंत्रित द्रव्य आंतरजालावरून लिहून देण्यापूर्वी वैद्याने रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे असे बंधन होते. ३१ जानेवारी २०२० रोजी करोनामुळे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर झाली. मार्चमध्ये अमली द्रव्यांच्या अंमलबजावणी खात्याने या अटीला तात्पुरती सूट दिली. सूट देण्यामागील हेतू निर्विवाद योग्य होता; चिकित्सालये बंद, लोक घरात कोंडलेले, आणि रुग्णांची औषधे तोडणे म्हणजे क्रौर्य. परंतु त्या फटीतून एक सबंध व्यवसाय आत आला. न्यूयॉर्कच्या माइंडब्लूमसारख्या कंपन्यांनी घरपोच उपचार सुरू केला. आधी एक प्रश्नावली, मग पडद्यावर वैद्याची भेट, मग टपालाने एक पेटी: जिभेखाली विरघळणाऱ्या गोळ्या, डोळ्यांची पट्टी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, मनातले लिहिण्यासाठी वही. गोळ्या बनविणारे औषधविक्रेते म्हणजे एकेका रुग्णाच्या नुसख्याप्रमाणे औषध घोटून देणारे. त्यांनी बनविलेल्या गोळीला सरकारची मान्यता घ्यावी लागत नाही. वैद्य पडद्यावर, मार्गदर्शक म्हणून नेमलेला माणूसही पडद्यावर, आणि तो बहुधा वैद्य नसे. घरात एखादा प्रौढ माणूस हजर असावा अशी सूचना असे. म्हणजे ग्रिंकर बसत त्या जागी आता रुग्णाची बायको, बहीण किंवा खोलीतला सोबती.

याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. हा विकार माणसाला घराबाहेर पडूच देत नाही. गर्दीची प्रतीक्षागृहे, अनोळखी चेहरे, पाठीमागे उघडणारे दार, यांची धास्ती हे तर त्याचे लक्षणच. मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यातील माजी सैनिकाला जवळचे चिकित्सालय शेकडो मैल दूर, आणि शिरेतील उपचाराचा खर्च त्याच्या ऐपतीबाहेर. त्याच्या दारी कोणी उपाय आणून ठेवला तर त्याने तो का नाकारावा? २०२२ मध्ये घरच्या घरी हे औषध घेतलेल्या १,२४७ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील बहुसंख्यांना चिंता व औदासीन्य यांत आराम पडल्याचे दिसले. त्या वृत्तांतात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्याचा विषय आघातोत्तर विकार नव्हता. तरीही इतक्या लोकांना बरे वाटले ही गोष्ट खोटी ठरत नाही. ज्या माणसाने दहा वर्षे नीट झोप घेतलेली नाही, त्याच्यापुढे नियंत्रित प्रयोगाची महती गाणे सोपे असते.

पण उलट बाजूही लवकरच पुढे आली. २०२३ च्या मे महिन्यात दक्षिण कॅरोलिनातील एका वैद्याचा नियंत्रित द्रव्ये लिहिण्याचा परवाना स्थगित झाला. त्याचे रुग्ण अनेक राज्यांत विखुरलेले होते, आणि त्यांतील बहुतेकांचा त्याच्याशी संबंध केवळ पडद्यापुरता होता. एका दिवसात त्यांच्या गोळ्या बंद झाल्या. मग १० ऑक्टोबर २०२३ रोजी अन्न व औषध प्रशासनाने एक जाहीर इशारा दिला. त्यात एप्रिल महिन्यातील एका रुग्णाची हकिकत होती. आघातोत्तर विकारासाठी त्याने चिकित्सालयाबाहेर, घोटून दिलेले केटामाइन तोंडावाटे घेतले होते, आणि त्याचा श्वास मंदावला. रक्तात औषधाचे जे प्रमाण आढळले ते शस्त्रक्रियेसाठी भूल देताना सामान्यतः जेवढे असते त्याच्या दुप्पट होते. श्वासाला धक्का न लावणे हा ज्या औषधाचा आद्य गुण, त्याच्याच बाबतीत असे घडले. कारण शिरेतून दिलेली मात्रा वैद्याच्या हातात असते, तर जिभेखालची किती रक्तात उतरेल हे थुंकण्यावर, गिळण्यावर आणि पोटावर अवलंबून. केटामाइन कोणत्याही मनोविकारासाठी मान्य केलेले नाही, हेही प्रशासनाने त्याच इशाऱ्यात पुन्हा स्पष्ट केले.

त्यानंतर तीन आठवडेही उलटले नसतील, तोच २८ ऑक्टोबरला लॉस एंजेलिस येथे मॅथ्यू पेरी हा लोकप्रिय नट आपल्या घरी मरण पावला, आणि शवचिकित्सेत केटामाइनचे तीव्र परिणाम हे मुख्य कारण ठरले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या प्रकरणी पाच जणांवर आरोप ठेवण्यात आले, त्यांत दोघे वैद्य होते. न्यायाची गोष्ट अशी की या मृत्यूचा टपालाने येणाऱ्या गोळ्यांशी संबंध नव्हता. ते औषध चोरट्या मार्गाने आले होते. परंतु लोकमत असे बारकावे पाहत नाही. ज्या प्रश्नावर आतापर्यंत वैद्यच बोलत होते तो घरोघरी चर्चेचा झाला, आणि सावध वैद्य आणि भरमसाट विकणारा दलाल एकाच पंक्तीला बसले.

सैन्याच्या बाजूने निर्णय आला तो फारशा गाजावाजाशिवाय. संरक्षण खाते आणि माजी सैनिकांचे खाते यांनी मिळून २०२३ मध्ये आघातोत्तर विकारासाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत प्रथम स्थान संभाषणाधारित मानसोपचारांना दिले, आणि केटामाइन वापरू नये असे सुचविले. ही सूचना मला योग्य वाटते. २०२२ च्या प्रयोगानंतर दुसरे काही म्हणणे कठीण होते. मात्र त्या मानसोपचाराला शिकलेली माणसे लागतात, आठवड्यामागून आठवडे लागतात, आणि अमेरिकेत या दोहोंचा तुटवडा आहे. गोळीची मागणी तेथूनच वाढते.

राहता राहिली ती तात्पुरती सूट. आणीबाणी ११ मे २०२३ रोजी संपली. त्याआधीच अमली द्रव्यांच्या अंमलबजावणी खात्याने प्रत्यक्ष भेटीची अट पुन्हा लागू करणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यावर ३८ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि खाते मागे सरले. प्रथम नोव्हेंबर २०२३ पर्यंत, मग डिसेंबर २०२४ पर्यंत, मग डिसेंबर २०२५ पर्यंत, अशी मुदत वाढत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दूरस्थ वैद्यांसाठी विशेष नोंदणीचा आणखी एक मसुदा पुढे आला. या मसुद्यांचा सारा वाद नुसखा लिहिण्यापूर्वीच्या भेटीविषयी आहे. नियंत्रित द्रव्य कोणाच्या हाती जाते आणि तेथून ते चोरट्या बाजारात पोहोचते की नाही, एवढेच पाहण्याचा या खात्याला अधिकार. गोळी तोंडात धरल्यानंतरचे दोन तास रुग्णाजवळ कोण असावे, हा विषय त्याच्या कक्षेत येत नाही. अन्न व औषध प्रशासनाने एस्केटामाइनच्या बाबतीत तो आपल्या कक्षेत घेतला होता, कारण तेथे अर्जदार होता. जुन्या केटामाइनच्या बाबतीत तो आजही प्रत्येक वैद्याच्या, प्रत्येक कंपनीच्या आणि प्रत्येक घराच्या मर्जीवर सोडलेला आहे.